हाताखालचा माणूस : बधिरांधांच्या सोबतीचं शिक्षण



सुरुवात आपल्या गावापासूनच करू. कडेगावात मोहरमच्या ताबूतांच्या भेटी असतात, तेव्हा आसपासच्या खेड्यांतून माणसं लोटतात. हिंदू-मुसलमान मिळून ते उंच ताबूत उचलतात, वाद्यं वाजतात, माना वर करून करून दुखतात. आता समजा, त्या गर्दीत तुमच्या शेजारी एक बाई उभी आहे. तिला दिसत नाही आणि ऐकूही येत नाही. पायाखालची जमीन हादरतेय हे तिला कळतं, ढोल छातीत घुमतो, चारी बाजूंनी धक्के लागतात. पण हा सण आहे की पळापळ, हे तिला कसं कळणार? ते सांगायचं काम तुमच्यावर आलं, तर तुम्ही काय कराल?

बहुतेक जण म्हणतील, "अहो, तिला गर्दीत आणायचंच कशाला? घरी बसू दे सुखानं." हे उत्तर मायेनंच दिलेलं असतं. आम्हीही पुष्कळ वर्षं हेच उत्तर देत होतो. ते कुठे चुकतं, आणि त्याच्या जागी काय शिकता येतं, एवढाच आजचा विषय.

आधी शब्द बघू. ज्याला कमी दिसतं आणि कमी ऐकूही येतं, त्याला आपण बधिरांध म्हणू. कागदोपत्री 'बहिरेपण-अंधत्व' असंही लिहितात. पण ही साधी बेरीज नाही. इंग्रजीतसुद्धा पूर्वी 'डेफ' आणि 'ब्लाइंड' यांच्यामध्ये छोटी रेघ असायची. ती काढून एकच शब्द करावा, असा आग्रह इटलीतल्या साल्वातोरे लगाती यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला धरला, आणि तो मान्य झाला. एका रेघेनं असा काय फरक पडतो?

आम्ही वर्गात चार्वाक शिकवायचो तेव्हा विड्याचा दाखला यायचा. पान हिरवं, चुना पांढरा, सुपारी तपकिरी. यांतलं लाल कोणीच नाही. पण एकत्र चावले की तोंड लाल होतं. घटकांत नसलेला गुण संयोगात उपजतो. इथेही तसंच आहे बघा. आंधळा माणूस कानांनी भरून काढतो. तो पावलांवरून माणूस ओळखतो, रेडिओ ऐकतो. बहिरा माणूस डोळ्यांनी भरून काढतो. तो ओठ बघतो, खुणा बघतो. एकाची उणीव दुसऱ्यानं भरून काढायची, ती वाटच इथे बंद होते. म्हणून अंधांच्या शाळेत बधिरांध मूल नीट शिकू शकत नाही, आणि बहिऱ्यांच्या शाळेतही नाही. त्याचं शिक्षणच वेगळं असावं लागतं.

आणखी एक गैरसमज काढून टाकू. बधिरांध म्हणजे मिट्ट काळोख आणि संपूर्ण शांतता, असं दर वेळी नसतं. पुष्कळांना थोडं दिसतं, थोडं ऐकू येतं. कुणाला उजेड कळतो, कुणाला कानाजवळ बोललेलं कळतं. त्या थोडक्यावरच सगळी मदार असते. म्हणून पहिला प्रश्न हा विचारायचा, की काय शिल्लक आहे?

हे होतं कशामुळे? कारणं बरीच आहेत, आपल्या भागाशी संबंध असलेली तीनच सांगतो.

पहिलं, रुबेला. आईला गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत हा आजार झाला, तर तिला किरकोळ ताप नि पुरळ येऊन जातं, पण पोटातल्या बाळाच्या डोळ्यांना, कानांना, हृदयाला इजा होते. ऑस्ट्रेलियातले नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ साली जन्मजात मोतीबिंदू असलेली बाळं तपासताना हा संबंध ओळखला. याला लस आहे. आपल्या शाळांतून नोव्हेंबर २०१८ मध्ये गोवर-रुबेलाची मोहीम झाली, ती आठवत असेल. तेव्हा अफवांना घाबरून काही पालकांनी मुलांना त्या दिवशी शाळेतच पाठवलं नाही. त्या सुईचा खरा अर्थ पुढच्या पिढीत कळतो.

दुसरं, म्हातारपण. मोतीबिंदू, काचबिंदू, कमी होत जाणारं ऐकणं, हे सगळं हळूहळू येतं. घरातल्या म्हाताऱ्या 'गप्प गप्प' झाल्या, असं आपण म्हणतो. त्या गप्प झालेल्या नसतात, तुटलेल्या असतात. त्यामुळे कुणालाही बधिरांध ठरवण्याआधी डोळे नि कान तपासून घ्या. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होते, कानातला मळ निघतो, श्रवणयंत्र मिळतं. एवढ्यानंच निम्मं जग परत येणारी माणसं आपल्या वाड्यावस्त्यांवर आहेत.

तिसरं आमच्या घरातलं. चार्ल्स अशर नावाच्या ब्रिटिश नेत्रतज्ज्ञांनी १९१४ साली ज्याचा आनुवंशिक धागा दाखवला, तो अशर सिंड्रोम. यात मूल जन्मतः बहिरं असतं किंवा कमी ऐकणारं असतं, आणि पुढे डोळ्यांचा पडदा खराब होत जातो. आधी रात्रीचं दिसेनासं होतं, मग कडांकडचं, शेवटी नळीतून बघावं तेवढंच उरतं. आई नि वडील दोघांकडूनही तोच दोष आला तरच आजार दिसतो. आईवडील दोघेही वाहक असले, तर प्रत्येक मुलाला चारात एक एवढी शक्यता. नात्यातल्या लग्नांत दोघांकडे एकच दोष असण्याचा संभव वाढतो. आणि आपल्याकडे मामाची मुलगी करायची रीत. कुणाला दोष द्यायला हे सांगत नाही. आमची आईसुद्धा वडिलांच्या मामाचीच मुलगी.

आमच्या थोरल्या बहिणीला, आक्काला, जन्मापासून ऐकू यायचं नाही. शाळेत घातलं नाही. पण खुणांची भाषा घरातच तयार झाली होती. कपाळावर मोठं कुंकू काढल्याची खूण म्हणजे आई. मनगट फिरवलं की भाकरी. विशीत ती तिन्हीसांजेला अडखळायला लागली. सगळे म्हणायचे, "धांदरट हाय." चाळिशीत ताटाच्या कडेला ठेवलेली वाटी तिला दिसायची नाही. साठीला पूर्ण अंधार झाला. आम्ही तेव्हा कॉलेजात मुलांना प्रत्यक्ष प्रमाण शिकवत होतो. डोळे नि पदार्थ यांचा संनिकर्ष आम्हाला पाठ होता. सख्ख्या बहिणीची नजर आक्रसत चाललीय, हे मात्र लक्षात आलं नाही. हा अशरचा प्रकार असावा, असं एका डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा फार उशीर झालेला होता.

मग आक्का मागच्या सोप्यात बसून राहू लागली. वेळच्या वेळी जेवण मिळायचं, अंघोळ व्हायची. मनगट धरायचं, उठवायचं, न्यायचं, घास तोंडाजवळ धरायचा. ती हात झटकायची, कधी मारायची. घरात म्हणायचे, आक्का तापट झाली. तिला कुणी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. तरी आज आम्ही म्हणतो, की त्या घरात तिच्यावर अन्याय झाला. तो कसा, हे समजायला जरा इतिहासात जावं लागेल.

१८३७ साली अमेरिकेत बॉस्टनच्या पर्किन्स अंधशाळेत लॉरा ब्रिजमन नावाची सात वर्षांची मुलगी आली. तापानं तिची दृष्टी नि श्रवण दोन्ही गेलं होतं. संचालक सॅम्युअल हाउ यांनी चमचा, किल्ली अशा वस्तूंवर उठावाच्या अक्षरांचे कागद चिकटवून तिला शब्द शिकवले, मग बोटांची लिपी. लॉरा पुढे त्याच शाळेत राहिली. ती पन्नाशीला आलेली असताना तिथे अ‍ॅन सलिव्हन ही अधू डोळ्यांची, गरीब घरची विद्यार्थिनी शिकत होती. लॉराशी गप्पा मारता याव्यात म्हणून अ‍ॅननं बोटांची लिपी शिकून घेतली. ३ मार्च १८८७ या दिवशी हीच अ‍ॅन, वीस वर्षांची, हेलन केलरची शिक्षिका म्हणून अलाबामात पोचली. ५ एप्रिलला पंपाचं पाणी एका हातावर पडत असताना दुसऱ्या हातावर 'पाणी' हा शब्द उमटला, ती गोष्ट शाळेच्या पुस्तकांमुळे सगळ्यांना माहीत आहे.

पण या गोष्टीतला एक दुवा आपण विसरतो. हेलनच्या शिक्षिकेला ती भाषा वापरायची सवय लागली एका बधिरांध बाईशी बोलताना. म्हणजे या विद्येच्या गुरुपरंपरेत बधिरांध माणूस आधी गुरूच्या जागी आहे, मग शिष्याच्या. स्वयंसेवकानं हे मनात पक्कं धरावं. आपण द्यायला जातो, असं वाटतं. पण भाषा त्यांच्याकडूनच शिकायची असते.

हेलन केलर १९५५ साली भारतात आल्या. पंडित नेहरूंचा चेहरा त्या बोटांनी वाचताहेत, असं छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यांचं कौतुक झालं, पण बधिरांध मुलांसाठी शाळा लगेच निघाली नाही. ती निघाली मुंबईत, १९७७ साली. बेरोझ वाच्छा या पारशी शिक्षिकेनं हेलन केलर इन्स्टिट्यूट सुरू केली. देशातली या प्रकारची ती पहिली शाळा, आणि ती आपल्या महाराष्ट्रात. भायखळ्याला काम सुरू झालं, पुढे नवी मुंबईतही वाढलं. नुसती मुलं शिकवून भागेना, म्हणून शिक्षक तयार करणारा पदविका अभ्यासक्रमही तिथे सुरू झाला. १९९७ पासून अहमदाबादेतून सेन्स इंटरनॅशनल इंडिया ही संस्था देशभर, स्थानिक संस्थांना हाताशी धरून, हे काम करते. म्हणजे शिकायचं असेल तर दार आहे.

आता मूळ मुद्दा. या प्रशिक्षणात शिकवतात तरी काय?

सांख्यांनी दहा इंद्रियं मोजली. श्रोत्र, त्वचा, चक्षू, रसना, घ्राण ही ज्ञानाची. वाणी, हात, पाय आणि आणखी दोन, ही कर्माची. हात कर्मेंद्रियांत येतो, तो उचलतो, धरतो, देतो. आपल्या बाबतीत हा हिशेब बरोबर आहे. बधिरांध माणसाच्या बाबतीत मात्र हात चार खाती सांभाळतो. तोच डोळा, तोच कान, तोच जीभ, आणि काम करायचा हात तर तो आहेच. आता विचार करा, आपण त्याचं मनगट पकडून ओढतो तेव्हा काय करतो? एका झटक्यात त्याचे डोळे झाकतो, कान बंद करतो, तोंडावर हात ठेवतो. आक्का हात झटकायची, त्याला आम्ही तापटपणा म्हणत होतो. तुमच्या तोंडावर कुणी हात दाबला तर तुम्ही काय कराल?

म्हणून पहिला धडा असा, की आपला हात त्यांच्या हातावर ठेवायचा नाही, हाताखाली ठेवायचा. त्यांचा हात वर, आपला खाली. आपण चमचा उचलतो, त्यांचा हात आपल्या हातावरून ते 'बघतो'. नको असेल तर ते हात काढून घेऊ शकतात. 'हाताखालचा माणूस' हा शब्द आपण नोकराला वापरतो. या कामात तो अक्षरशः खरा आहे. स्वयंसेवक हा हाताखालचा माणूस.

दुसरा धडा ओळखीचा. गेल्या गेल्या अंगाला हात लावायचा नाही. दंडाला किंवा हाताच्या पाठीला हळूच स्पर्श करून थांबायचं. मग आपली ठरलेली खूण द्यायची. मनगटावरचं घड्याळ, बांगडी, मिशी, काहीही, पण रोज तेच. निघताना 'जातो' हे सांगायचं. न सांगता उठून गेलात, तर तो माणूस रिकाम्या खुर्चीशी बोलत राहतो. आणि मोकळ्या जागेत एकटं सोडायचं नाही. भिंत, खुर्ची, झाड, काहीतरी हाताला लावून द्यायचं.

तिसरा चालण्याचा. त्यांनी आपलं कोपर धरायचं, आपण अर्धं पाऊल पुढे. ढकलायचं नाही, ओढायचं नाही. पायरी आली की क्षणभर थांबायचं. बसायचं असेल तर खुर्चीच्या पाठीवर त्यांचा हात ठेवायचा, बसणं ते आपलं आपण करतात.

चौथा भाषेचा, आणि तो सगळ्यात मोठा. एक भाषा सगळ्यांना चालत नाही. ज्याला लिहिता-वाचता येतं, त्याच्या तळहातावर बोटानं एकेक अक्षर काढता येतं. आम्ही देवनागरी काढताना शिरोरेघ गाळतो, नाहीतर अक्षरं एकमेकांत मिसळतात. बहिऱ्यांची खुणांची भाषा येत असेल, तर खुणा करणाऱ्या हातांवर हात ठेवून ती वाचता येते. कुणी ब्रेल वाचतं. आता मोबाइलला जोडायची ब्रेल पाटीही मिळते. काही जण बोलणाऱ्याच्या ओठांवर अंगठा आणि गळ्या-गालावर बोटं ठेवून बोलणं ओळखत, त्या पद्धतीला टॅडोमा म्हणतात. पाठीवरही खुणा देतात. मोठी फुली काढली तर 'धोका आहे, आत्ता चल, कारण नंतर सांगतो.'

ज्याला यातलं काहीच येत नाही, त्याच्यासाठी वस्तूच शब्द होतात. जेवणाआधी रोज तोच चमचा हातात, अंघोळीआधी तोच टॉवेल, शेतात जायच्या आधी खुरप्याची मूठ. नेदरलँड्समधले यान फान डाइक रुबेलामुळे बधिरांध झालेल्या मुलांबरोबर काम करत. दिवसाचा क्रम वस्तूंच्या रांगेतून समजावण्याची पद्धत त्यांच्या कामातून पुढे आली. कप्प्यांची पेटी करायची, पहिल्या कप्प्यात कप, दुसऱ्यात टॉवेल, तिसऱ्यात चप्पल. काम झालं की कप्पा रिकामा. त्या माणसाला पहिल्यांदाच 'यानंतर काय' हे कळतं. 'उद्या' नावाची गोष्ट आपल्याला फुकट मिळते, त्याला ती हातात द्यावी लागते.

प्रशिक्षणात एक खेळही असतो, डोळ्यांवर पट्टी आणि कानांत बोळे घालून तासभर वावरायचं. तो करावा, पण त्यानं फुगून जाऊ नये. त्यातून कळते ती पहिल्या तासाची भीती. जो तीस वर्षं तसा जगलाय, त्याचं कौशल्य त्यातून कळत नाही. आपल्या भीतीवरून त्याच्या आयुष्याचं अनुमान काढणं, हा हेत्वाभास झाला.

आता आक्काकडे परत येऊ. आमच्या नात्यातली एक मुलगी मुंबईत विशेष शिक्षणाचा अभ्यासक्रम करत होती. ती दिवाळीला घरी आली. सोप्यात आक्काशेजारी जाऊन बसली आणि आपला हात उताणा करून आक्काच्या हाताशेजारी ठेवला. बस्स. बराच वेळ काहीच झालं नाही. मग आक्कानं तो हात चाचपला, बांगड्या मोजल्या. मुलीनं सुपात ज्वारी आणली, दोघींच्या मांडीवर ठेवली. आक्काची बोटं खडे काढायला लागली, मुलीची बोटं तिच्या बोटांखाली. आम्ही दारात उभे. दहा-बारा वर्षांत त्या घरात कुणी तिच्याबरोबर काही केलं नव्हतं. सगळं तिच्यासाठीच केलं होतं.

दुसऱ्या दिवशी आक्कानं त्या मुलीचा हात धरला, स्वतःच्या कपाळावर मोठं कुंकू काढल्याची खूण केली आणि तळवा उलटा केला. आई कुठाय?

मंडळी, आई जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती. घरात माणसं जमली, तिरडी बांधली, तेरावा झाला, आणि आक्का मागच्या सोप्यात होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं. "तिला काय कळणार, उगाच त्रास कशाला," असं कोणीतरी म्हटलं, आणि आम्ही, घरातले शिकलेले, गप्प बसलो. पाच वर्षं ती आईची वाट बघत असेल, किंवा आई आपल्यावर रुसली असं समजत असेल. काय समजत होती, ते आता कधीच कळणार नाही.

त्या मुलीनं आम्हालाच पुढे केलं. म्हणाली, "काका, हे तुम्हीच सांगायचं." आम्ही आक्काचा हात आमच्या हातावर घेऊन तिला आधी आईच्या रिकाम्या बाजेकडे नेलं, मग भिंतीवरची तसबीर काढून तिच्या मांडीवर ठेवली. तसबिरीला चंदनाचा हार होता. वडिलांच्या तसबिरीला घातलेला तसाच हार तिनं डोळे असताना पाहिला होता. तिची बोटं हारावर थांबली. त्या रात्री ती जेवली नाही. सकाळी मात्र तिनं आपणहून हात पुढे करून आमचा हात शोधला. पुढे ती तीन वर्षं होती.

अन्याय तो हा. अन्न मिळत होतं, बातमी मिळत नव्हती. आणि काय सांगायचं, काय नाही, हे आम्ही तिच्या वतीनं ठरवत होतो. म्हणून प्रशिक्षणातला शेवटचा नियम असा, की माहिती द्यायची, निर्णय घ्यायचा नाही. खोलीत कोण आलं, कोण गेलं, कोण हसलं, चहा सांडला, सगळं सांगायचं. बँकेत कागदावर अंगठा कशासाठी घेताहेत, ते सांगायचं. त्यांच्या देखत त्यांच्याविषयी आपापसांत बोलायचं नाही. त्यांनी विश्वासानं सांगितलेलं बाहेर न्यायचं नाही, विचारल्याशिवाय फोटो काढायचा नाही. आणि 'नको' म्हटलं तर नको.

कायदाही आता बाजूला आहे. १९९५च्या कायद्यातल्या यादीत बधिरांधत्व नव्हतं. २०१६चा दिव्यांग हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला, त्यात २१ प्रकार आहेत, आणि बहुविकलांगतेत बधिरांधत्वाचं नाव घेऊन उल्लेख आहे. युडीआयडी ओळखपत्र काढता येतं. पण तपासणीच्या दिवशी सांगलीपर्यंत त्या माणसाबरोबर जाणार कोण, आणि डॉक्टर काय विचारताहेत ते त्याच्या हातावर सांगणार कोण? तिथे स्वयंसेवक लागतो.

स्वयंसेवक शिक्षकाची जागा घेत नाही, हेही सांगायला हवं. लहान मूल असेल तर प्रशिक्षित शिक्षकच हवा, आणि जितक्या लवकर तितकं बरं. आपलं काम सोबतीचं. आठवड्यातून दोन तास, पण ठरलेला वार, ठरलेली वेळ, तोच माणूस. उत्साहानं चार दिवस येऊन पाचव्या दिवशी गायब होणाऱ्यानं न आलेलंच बरं. नखं कापलेली असावीत, हात धुतलेले असावेत. अर्ध्या तासानं बोटं थकतात, दोघांचीही, तेव्हा थांबावं.

आपल्या तालुक्यात अशी किती माणसं आहेत, ते मागच्या सोप्यांत डोकावल्याशिवाय कळायचं नाही. आशाताईंना, अंगणवाडीताईंना विचारा, घरं त्यांना ठाऊक असतात. "ते जल्मापास्नं तसंच हाय" असं जिथे ऐकाल, तिथे थोडं थांबा.

आणि सुरुवातीचा ताबूतांचा प्रश्न? तिला विचारायचं, यायचंय का. हो म्हणाली तर न्यायचं. आदल्या दिवशी बांबूचा तुकडा नि रंगीत कागद हातात द्यायचा. गर्दीत तिनं आपलं कोपर धरायचं. ताबूत उठला की तिचा हात आपल्या हातावर घेऊन हळूहळू वर न्यायचा, आपले हात पुरतील तितका उंच, आणि तळहातावर सांगायचं, 'अजून वर.' दोन ताबूत भेटले की दोन हात एकमेकांना लावायचे. कंटाळली, तर घरी आणायचं.

आता इथेच थांबतो. पुढचा अर्धा तास बोलणं नाही. शेजाऱ्याकडे तोंड करून बसा, डोळे मिटा, आणि त्याच्या तळहातावर आपलं नाव काढा, शिरोरेघ न देता. जे घरी बसून ऐकताहेत, त्यांनी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ जाऊन बसावं आणि आपला हात उताणा ठेवावा.